संघाने भाग घेतला

कॉलेजच्या वार्षिक अंकात 'जिमखाना वृत्तांत' नावाचं एक प्रकरण असतं. प्राचार्यांचं मनोगत, प्रेमभंगाच्या बारा कविता आणि 'हुंडा : एक सामाजिक समस्या' हा लेख ओलांडून गेलं की ते लागतं. ते सहसा कोणी वाचत नाही. ज्यांचे फोटो आत असतात ते फोटो पाहतात आणि ज्यांचे नसतात ते पान उलटतात. मी मात्र हे प्रकरण आवडीने वाचत आलो आहे, कारण इतकी काटेकोर भाषा मराठीत दुसरीकडे फक्त पंचांगात सापडते. संघ जिंकला तर त्याने 'विजेतेपद पटकावले'. अंतिम सामन्यात हरला तर 'उपविजेतेपदावर समाधान मानले'. उपांत्य फेरीत हरला तर 'चमकदार कामगिरी केली'. पहिल्याच फेरीत, पण थोडक्यात हरला तर 'कडवी झुंज दिली'. आणि ज्याच्याबद्दल यांतलं काहीही शपथेवर सांगता येत नाही, त्या संघाने 'भाग घेतला'.

आमच्या कॉलेजच्या १९८६-८७ च्या अंकात बुद्धिबळ आणि मल्लखांब यांच्यामध्ये चेपून बसलेली एक ओळ आहे : 'फुटबॉल : संघाने भाग घेतला.' बस्स. लग्नाच्या पंगतीत आगंतुकाला वाढावं तशी ती ओळ वाढलेली आहे. त्या तीन शब्दांत तेरा मुलं, एक क्रीडाशिक्षक, पाच सामने, आमच्यावर झालेले तेवीस गोल, आम्ही केलेला एक गोल, शे-दीडशे लिंबं आणि एक गोलकीपर आहे. गोलकीपरला मी मुलांच्यात न धरता वेगळा मोजला, त्याला कारण आहे. ते यथावकाश येईलच.

नाशिकमध्ये फुटबॉल, असं म्हटलं की बाहेरगावची माणसं द्राक्षाच्या बागेत नारळ पाहिल्यासारखा चेहरा करतात. ते कोल्हापूरला शोभतं. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशी कुस्तीतली भारदस्त नावं घेऊन संघ फुटबॉल खेळतात, शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात, आणि ऑफसाइड म्हणजे काय हे भाजीवालीलाही ठाऊक असतं. आमच्याकडे नदी आहे, तालमी आहेत, खो-खो आहे, क्रिकेट तर आहेच. फुटबॉल होता तो मुख्यतः देवळाली कॅम्पात. कॅम्प म्हणजे तोफखान्याचं गाव. साहेब गेला तरी त्याचा चेंडू तिथेच राहिला होता. पण कॅम्प आणि आमचं कॉलेज यांच्यामध्ये नुसते मैल नव्हते, शिस्त नावाची एक मोठी दरीही होती.

ती दरी आम्ही ओलांडली ती मॅराडोनाच्या भरवशावर. १९८६ च्या जून महिन्यात मेक्सिकोत विश्वचषक झाला आणि दूरदर्शनने तो थेट दाखवला. तिथे भर दुपारी बाराला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला लागायचा. गल्लीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओट्यावर रात्रभर चपलांचा ढीग असे. २२ जूनला मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध चार मिनिटांच्या अंतराने दोन गोल केले. एक हाताने, आणि एक अर्धा संघ चुकवून पायाने. टीव्हीवाल्या घरचे आजोबा तेव्हा जागे झाले आणि म्हणाले, "हे तर सोपंच आहे रे!" या एका वाक्याने आमचा घात केला. अर्जेंटिनाने २९ जूनला पश्चिम जर्मनीला ३-२ असं हरवलं आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या प्राचार्यांच्या टेबलावर 'फुटबॉल संघ स्थापन करण्याबाबत' असा अर्ज पडला. खाली चौदा सह्या होत्या. पैकी सहा जणांनी त्या दिवसापर्यंत खऱ्या फुटबॉलला पाय लावलेला नव्हता.

कप्तान कोण, यावर वाद झाला नाही. ज्याच्याकडे स्टडचे बूट होते तो कप्तान. बाकीचे कॅनव्हासचे बूट घालून आले. जर्सी म्हणून जिमखान्यातून हॉकीचे जुने शर्ट मिळाले. त्यांत दोघांच्या पाठीवर सात नंबर होता आणि नऊ नंबर कोणाच्याच पाठीवर नव्हता. आमचे क्रीडाशिक्षक मूळचे कबड्डीचे. माणूस लाखाचा, पण त्यांच्या दृष्टीने जगातले सगळे खेळ ही कबड्डीचीच बिघडलेली रूपं होती. समोरचा फॉरवर्ड बॉल घेऊन आला की सर रेषेबाहेरून ओरडत, "अरे बघता काय लेको, धर त्याला!" आमचा उजवा बॅक हा गुरूची आज्ञा शब्दशः पाळणाऱ्यांपैकी होता. तो धरायचा. कधी शर्टाला, कधी कमरेला, आणि एकदा तर घोट्याला. आमच्या विरुद्ध दिलेल्या पेनल्ट्यांचा इतिहास हा असा गुरुभक्तीचा इतिहास आहे.

आणि गोलकीपर. तो आमच्यात दोन वर्षांनी मोठा. सातपूरला एका कारखान्यात कामाला होता. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, पाठच्या दोन बहिणी. रात्रपाळी करायचा, सकाळी सातला सुटायचा, सायकल मारत सरळ मैदानावर यायचा, तास-दीड तास खेळायचा आणि मग कॉलेजात पहिल्या तासाला शेवटच्या बाकावर गाढ झोपायचा. अकाउंटन्सीच्या सरांनी त्याला एकदाही उठवलं नाही. बी. कॉम. व्हायचं आणि मशीनवरून ऑफिसात जायचं, एवढं एकच त्याचं स्वप्न होतं. फुटबॉल मधेच कुठून आला, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "दिवसभरात तेवढाच एक तास असा असतो की मी कुठे जायला उशीर झालेला नसतो."

मी स्वतः संघात राखीव होतो. राखीव खेळाडू म्हणजे जो बॉलला पंप मारतो, लिंबं कापतो, सगळ्यांची घड्याळं आपल्या दोन्ही मनगटांवर सांभाळतो आणि वहीत गोल मांडतो. ही वही अजून माझ्याजवळ आहे. पुढचे सगळे आकडे त्या वहीतले.

सरावाला आम्हांला कॉलेजचं मैदान मिळेना, कारण ते क्रिकेटवाल्यांचं. मग कोणीतरी इंदिरानगरातला एक रिकामा प्लॉट शोधून काढला. तेव्हाचं इंदिरानगर म्हणजे दहा बंगले, वीस पाये आणि उरलेली सगळी काळी माती. आज बोगद्यापाशी अर्धा तास हॉर्न वाजवत उभ्या राहणाऱ्या माणसाला हे खरं वाटायचं नाही, पण त्या प्लॉटवरून पांडवलेण्यांचा डोंगर अडथळ्याविना दिसायचा. जमीन मात्र अशी, की आषाढातला एक पाऊस झाला की ती बूट धरून ठेवायची. काळ्या मातीत दहा मिनिटं धावलं की प्रत्येक खेळाडूची उंची दोन इंचांनी आणि वजन दोन किलोंनी वाढायचं. बॉल चामड्याचा. नियमाप्रमाणे त्याचं वजन चारशे-साडेचारशे ग्रॅम असतं, पण ते सामना सुरू होताना. आमचा बॉल पाणी प्यायला की कलिंगडासारखा व्हायचा. त्याला डोकं लावणं ही आत्महत्येची सौम्य आवृत्ती होती. आमच्या सेंटर फॉरवर्डने एकदा लावलं. पुढची दोन मिनिटं तो आपल्याच गोलच्या दिशेने आत्मविश्वासाने धावत होता.

गोल म्हणजे आठ यार्ड रुंद आणि आठ फूट उंच, असं नियमाचं पुस्तक सांगतं. आम्ही बांबू रोवले. जाळीला पैसे नव्हते. त्यामुळे बॉल बांबूच्या आतून गेला की बाहेरून, हा निर्णय ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागायचा. हा जाळीचा मुद्दा लक्षात ठेवा.

पहिला सामना देवळालीच्या जवानांशी. दोस्तीखातर. त्यांनीही आमच्याच प्लॉटवर यायचं कबूल केलं, ट्रकमधून आले, उतरताना ओळीने उतरले आणि खेळतानाही ओळीतच राहिले. नऊ शून्य. शेवटची वीस मिनिटं मला आत पाठवलं होतं. मी आत गेलो तेव्हा पाच झाले होते, बाहेर आलो तेव्हा नऊ. यावरून कोणी कसलाही निष्कर्ष काढू नये. सामना संपल्यावर जवानांच्या कप्तानाने आमच्या गोलकीपरच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तुम नहीं होते तो बीस होते." आम्हांला या हंगामात मिळालेलं हे एकमेव लेखी-तोंडी प्रशस्तिपत्र.

दुसरा सामना चार शून्य. तिसरा तीन शून्य. चौथा दोन शून्य, आणि त्यात आमचा एक गोल रेफ्रीने ऑफसाइड म्हणून नाकारला. आमचा फॉरवर्ड त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या बरोबर रेषेत होता. एक वीत पुढे नाही, एक वीत मागे नाही. पण त्या काळी रेषेत असणं हेही ऑफसाइडच धरत. पुढे १९९० मध्ये फुटबॉलच्या कायदेमंडळाने नियम बदलला : रेषेत असेल तर ऑफसाइड नाही. म्हणजे आमचा तो गोल चुकीचा नव्हता, फक्त चार वर्षं लवकर झाला होता. दुसऱ्या बाजूने पाहायचं तर, संकट आलं की बॉल मागे गोलकीपरकडे सरकवायचा आणि त्याने तो हातात घेऊन बसायचं, हा आमच्या खेळाचा कणा होता. १९९२ मध्ये कायदेमंडळाने तेही बंद केलं. तेव्हा इतिहासाने आमच्यावर अन्यायच केला असं मी म्हणणार नाही. हिशेब बरोबरीत सुटला.

आमचा कप्तान स्टॅटिस्टिक्सचा विद्यार्थी. नऊ, चार, तीन, दोन हे आकडे त्याने आलेखाच्या कागदावर मांडले आणि पेन्सिलीने रेघ पुढे ओढली. पाचव्या सामन्यात एक शून्य, सहाव्यात बरोबरी आणि सातव्यात विजय, असं गणिताने सिद्ध झालं. अडचण एवढीच होती की पाचवा सामना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा होता. तेव्हा पुणे विद्यापीठाचा पसारा पार धुळे-जळगावपर्यंत होता (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ पुढे १९९० मध्ये निघालं), आणि एवढ्या कॉलेजांना रांगेला लावायचं तर स्पर्धा बाद पद्धतीचीच हवी. हरला तो घरी गेला. म्हणजे आमचा हंगाम जिथे सुरू व्हायचा तिथेच संपू शकत होता. सातवा सामना गणितात होता, वेळापत्रकात नव्हता.

सामना सप्टेंबरात, सकाळी नऊला. त्या आठवड्यात गोलकीपरची दुसरी पाळी होती, दुपारी तीन ते रात्री अकरा. म्हणजे सकाळ मोकळी. आम्ही खूष होतो. पण आदल्या दिवशी कारखान्यात तिसऱ्या पाळीचा माणूस आला नाही आणि याला सांगितलं, थांब. नाही म्हणायची सोय नव्हती. अजून कायम व्हायचा होता. तीन ते अकरा आणि अकरा ते सात. सोळा तास उभा राहून तो सकाळी सायकलवरून आला. आम्हांला यातलं काही बोलला नाही. मला फक्त म्हणाला, "लिंबू आहे का रे? दोन दे."

दहाव्या मिनिटाला आमच्यावर एक गोल झाला. पंचविसाव्या मिनिटाला रेषेबाहेरून "धर त्याला!" ऐकू आलं आणि त्यांना पेनल्टी मिळाली. गोलकीपरने ती अडवली. उजवीकडे झेप घेतली नि बोटांनी बॉल बाहेर ढकलला. सरांनी आनंदाच्या भरात मांडीवर थाप मारली. मध्यंतराला एक शून्य. कप्तानाने खिशातून आलेख काढून सगळ्यांना दाखवला.

उत्तरार्धाच्या पाचव्या मिनिटाला आमचा डावा फॉरवर्ड त्यांच्या गोलसमोर घसरला, पडला, आणि पडता पडता बॉल त्याच्या गुडघ्याला लागून आत गेला. त्या मैदानावर जाळी होती. बॉल जाळीत जाऊन थरथरला, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एक-एक. वहीत माझं अक्षर तिथे वेडंवाकडं आहे, कारण कोणीतरी मला उचललं होतं.

त्यानंतर अकरा मिनिटं आम्ही हरत नव्हतो. हे वाक्य साधं वाटेल. पण जो संघ जुलैपासून सतत हरतच होता, त्याला विचारा. त्या अकरा मिनिटांत आमची पोरं चक्क एकमेकांना पास देत होती. दोन सात नंबर एकदाही एकमेकांवर आदळले नाहीत. गोलकीपरने तीन बॉल अडवले. मी दोन्ही मनगटांवरच्या सात घड्याळांकडे आळीपाळीने पाहत होतो. ती सातही वेगवेगळी वेळ दाखवत होती, पण अकरा मिनिटं ती सगळ्यांत भरली.

मग त्याचे पाय गेले. दुसरा शब्द नाही. डोळ्यांना बॉल दिसत होता, पण अंग उठत नव्हतं. उरलेल्या वेळात चार गोल झाले. पाच-एक. शिट्टी झाल्यावर त्यांचा कप्तान हात मिळवायला आला, तेव्हा आमचा गोलकीपर खांबाला पाठ टेकून झोपलेला होता. तो बिचारा हात पुढे करून थोडा वेळ उभा राहिला, आणि मग त्याने गोलकीपरच्या मांडीवरचा बॉल हळूच उचलून रेफ्रीकडे दिला. कोणी हसलं नाही.

दिवाळीनंतर गोलकीपर कॉलेजात दिसला नाही. वडील गेले होते. कारखान्याने त्याला कायम केलं, पण पाळ्या अशा लागल्या की कॉलेज बसेना. फी थकली, पटावरून नाव कमी झालं. फेब्रुवारीत स्पर्धेची प्रमाणपत्रं वाटली. तेरा आली. चौदावं मागायला कप्तान आणि मी ऑफिसात गेलो. कारकून सज्जन होते. त्यांनी रजिस्टर आमच्यासमोर उघडलं आणि म्हणाले, "बाळांनो, पटावर नाव नाही त्याला प्रमाणपत्र देता येत नाही. नियम आहे." नियम होताच. म्हणजे झालं असं : जो माणूस वीस मिनिटं खेळला, आणि तीही स्पर्धेबाहेरच्या सामन्यात, त्याने 'भाग घेतला' असं कॉलेज मला सही-शिक्क्यानिशी कळवतं. आणि ज्याने सोळा तासांच्या पाळीवर पेनल्टी अडवली, त्याने कागदोपत्री भाग घेतलेला नाही. कप्तानाने स्वतःचं प्रमाणपत्र तिथेच टेबलावर ठेवलं आणि तो निघून आला. ते अजून तिथेच असेल.

२०१७ च्या ऑक्टोबरात मला हे सगळं पुन्हा आठवलं. सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला. त्याआधी १५ सप्टेंबरला आपल्या सरकारने दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावं असा घाट घातला होता. त्या दिवशी इंदिरानगरच्या गल्लीतही फुटबॉल दिसला. मग दिल्लीत आपली मुलं उतरली. त्यांत कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. अमेरिकेकडून तीन शून्य, कोलंबियाकडून दोन एक, घानाकडून चार शून्य. तीन सामने, नऊ गोल अंगावर, एक गोल आपला. तो एक गोल मणिपूरच्या जीक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध ब्याऐंशीव्या मिनिटाला डोक्याने केला. फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषकात भारताने केलेला तो पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, आव्हान संपुष्टात. बरोबरच लिहिलं. पण मला आपलं वाटलं, देशाची बरोबरी एक मिनिट टिकली, आमची अकरा मिनिटं टिकली होती. आणि त्या एका मिनिटासाठी सबंध स्टेडियम उभं राहिलं होतं, ते काही वेडे नव्हते.

गोलकीपर आता निवृत्त झाला आहे. दोन्ही बहिणींची लग्नं त्याने थाटात केली. बी. कॉम. राहिलं ते राहिलंच. पण मुलगी सी. ए. झाली, आणि बापाच्या प्राप्तिकराचा कागद ती डोळे मिटूनही भरते. त्याने इंदिरानगरातच फ्लॅट घेतला. मीही इथलाच. रविवारी सकाळी आम्ही जॉगिंग ट्रॅकवर भेटतो. जॉगिंग असं आम्ही काही करत नाही. ट्रॅकवर असतो इतकंच. येताना वाटेत मुलांचं टर्फ लागतं. हिरवं प्लास्टिकचं गवत, तासाला भाडं, आणि चारी बाजूंनी जाळी. डोक्यावरसुद्धा जाळी! बॉल जाईल कुठे? गोलकीपर तिथे हमखास थांबतो. परवा त्याने वरच्या जाळीकडे बराच वेळ पाहिलं.

"काय रे?" मी म्हटलं.

"तुझ्या वहीत जवानांचे किती आहेत?"

"नऊ."

"आठ. नववा बांबूच्या बाहेरून गेला होता. जाळी असती तर कळलं असतं."

"लेका, चाळीस वर्षं होत आली! मी तिथे होतो. आतून गेला."

"तू कुठे होतास? तू तेव्हा मैदानात पडला होतास. गोलमध्ये मी होतो. एकूण बावीस. तेवीस नाही."

आता तो दर रविवारी हा विषय काढतो. मी वही दाखवतो, तो वही मानत नाही. टर्फवरची पोरं खेळ थांबवून आमच्याकडे बघतात. परवा त्यांच्यातल्या गोलकीपरने, असेल सतरा-अठराचा, जाळीतून विचारलं, "काका, स्कोअर काय झाला होता?" आम्ही दोघांनी एकदम दोन वेगळी उत्तरं दिली.